गाडीचा उंबरा

सोपानमामाची कोमल सध्या गाडी घेते आहे. म्हणजे अजून घेतलेली नाही, घेते आहे. आमच्याकडे या कामाला अख्खा उन्हाळा लागतो. ती शहरातल्या एका दवाखान्यात नर्स आहे. ड्युटी संपली की शोरूम गाठते, आणि मग माझ्या फोनवर एकामागून एक व्हिडिओ येऊन पडतात. गाड्या सगळ्या एकाच जातीच्या. लांबीला आखूड, पण उभ्या अशा की रस्ता आपल्याच बापाचा. कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात त्या. खाली तिचा प्रश्न ठरलेला असतो, "दादा, सांग ना, ह्यातली कोणती?" मी तिचा आतेभाऊ, त्यातून गाड्यांच्याच धंद्यातला, म्हणून मला विचारते.

काल तिच्या दोन व्हिडिओंच्या मधे कुणीतरी पाठवलेला एक फोटो आला. आटलेला नाथसागर. पैठणच्या धरणाचं पाणी लांब कुठेतरी रेघेसारखं दिसतंय आणि अलीकडे नुसती तडकलेली जमीन. फोटो बघितला आणि गाडीचा व्हिडिओ तसाच राहिला. यंदा परत पाणी खाली चाललंय तर. मला एकदम त्या जुन्या उन्हाळ्याचा वास आला. धूळ, नव्या गाडीतलं कोरं रबर आणि आईच्या कमरेला चोळायच्या तेलाचा उग्र वास, असे तीन वास त्या उन्हाळ्यात एकमेकांत मिसळले होते. ते पुढे कधी वेगळे झालेच नाहीत.

त्या वर्षी शहरातल्या सगळ्या गाड्या एका रंगाच्या झाल्या होत्या. पांढरी असो, लाल असो, मे महिन्यापर्यंत सगळ्यांवर तीच पिवळट धूळ. गाडी धुताना कुणी दिसला तर अख्खी गल्ली त्याच्याकडे असं बघायची की तो पाइप गुंडाळून घरात जायचा. बजाजनगरात आमच्या दारादारात निळे ड्रम उभे होते. टँकरचा हॉर्न ऐकू आला की माणसं भरल्या ताटावरून उठायची. आणि त्याच उन्हाळ्यात, जिथं माझ्या लहानपणी ज्वारी डोलायची त्या बीड बायपासला काचेची शोरूम उभी राहत होती. ज्या वसाहतीत अजून नळ पोचला नव्हता तिथं गाड्या मात्र पोचल्या होत्या. मला याचं तेव्हा नवल वाटायचं, अजूनही वाटतं. माणसाला नक्की कशाची तहान असते, हे काही सांगता येत नाही.

आई पडली ती टँकरच्या दिवशीच. पाइपाचं तोंड ड्रममध्ये धरून उभी होती, ओल्या पायरीवरून पाय सरकला. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात न्यायला शेजाऱ्याची गाडी मिळाली, ती बसकी, जमिनीला टेकलेली. तिघाचौघांनी आईला उचलून आत सरकवलं, परत काढताना पुन्हा उचललं. ऑपरेशन चांगलं झालं. महिन्याभरात ती घरात वॉकर घेऊन फिरायला लागली. पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेना. डॉक्टरांनी सांगून झालं, माझ्या बायकोनं, रेखानं सांगून झालं.

"मला उचलायचं नाय," आई म्हणायची. "पोतं हाय का मी?"

अर्धा जन्म मेंढरांच्या मागं चाललेली बाई. लग्नाआधी माहेरच्या कळपामागं, लग्नानंतर काही वर्षं सासरच्या. नंतर वडिलांना वाळूजला कंपनीत काम लागलं म्हणून ती इथं आली आणि चार खोल्यांत मावायला शिकली. तिला कुणी उचलून इथून तिथं ठेवावं, हे तिला सोसलं नाही. मला ते समजत होतं. इलाज मात्र सुचत नव्हता.

अशात सोपानमामाचा फोन आला. मामा आईचा धाकटा भाऊ. राहतो पाचोडच्या अलीकडे, पण त्या दुष्काळात तिकडे चाऱ्याची काडी नव्हती, म्हणून मेंढरं घेऊन तो नाथसागराच्या पोटात उतरला होता. पाणी मागं हटतं तशी ओल्या गाळावर हिरवळ फुटते, त्या हिरवळीमागं कळप सरकत राहतात. मामा फोनवर नेहमी ओरडूनच बोलतो, त्यामुळे मला सगळं बाहेरच्या खोलीतून ऐकू आलं.

"अक्का, आपलं गाव वर आलंय!"

आतून वॉकर सरकल्याचा आवाज आला.

"देवळाचं जोतं दिसायलंय. आडाचे दगड दिसायलेत. बा सांगायचा त्या खुणंनं आपल्या घराची जागा मी पायानं हुडकली. चुलीची राख नाय दिसली बरं का, बाकी समदं हाय."

धरण झालं तेव्हा ते गाव पाण्याखाली गेलं. आई तेव्हा परकर-पोलक्यातली पोर होती. त्यानंतर एवढे दुष्काळ आले, पण कधी पाणी पुरतं हटलं नाही, कधी हटलं तर तिला कुणी सांगितलं नाही. मामाचा फोन ठेवल्यावर ती बराच वेळ वॉकरच्या दांडीवरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "मला जायचंय. पण माझ्या पायानं उतरीन. उचलून न्यायची असंल तर नगं."

एवढीच अट होती. ऐकायला साधी, पण त्या उन्हाळ्यात तिच्यापायी मी पुरता नादावलो. शेजाऱ्याची बसकी गाडी बाद. वडाप जीपची पायरी गुडघ्याच्या वर. एसटीचं तर नावच नको. रिक्षा त्या रस्त्यानं नेली असती तर नवा खुबा पुन्हा डॉक्टरांच्या हातात द्यावा लागला असता. गाडी घ्यायचं आमच्या घरात दोन वर्षं नुसतं बोलणं चाललं होतं, त्याला एकदम निमित्त मिळालं. आणि निमित्ताला मुदतही होती. जायकवाडीचं, म्हणजे त्या पैठणच्या धरणाचं, पाणी काही आमच्या पावसानं वाढत नाही. तिकडे नाशकाकडे पडला, वरची धरणं भरली, की इकडे आभाळ कोरडं ठणठणीत असतानाही पाणी चढायला लागतं. आई रोज सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न विचारायची, "नाशकात पडला का?" गल्लीतल्या बायकांना वाटायचं, म्हातारीला दुष्काळाची किती काळजी. "नाय पडला," असं मी सांगितलं की आईच्या चेहऱ्यावर जे उमटायचं ते बायकांना दिसत नव्हतं. मला दिसायचं, आणि त्याचं काय करावं ते कळायचं नाही. सगळा मराठवाडा पावसासाठी आभाळाकडे डोळे लावून बसलेला, आणि आमच्या घरात एक बाई मनातल्या मनात म्हणत होती, थांब जरा.

आमच्या गल्लीची एक खोड इथं सांगायला हवी. वाळूजच्या कंपन्यांत इथला जो तो कुठल्या ना कुठल्या गाडीचा एखादा तुकडा बनवतो. अख्खी गाडी कुणीच बनवत नाही. त्यामुळे गल्लीत नवी गाडी आली की पेढा तोंडात टाकायच्या आधी माणसं आपापल्या तुकड्याकडे वळतात. समोरचे शिंदे सायलेन्सरवाले. मालकाचं अभिनंदन वगैरे काही न करता ते सरळ जमिनीवर आडवे होऊन गाडीखाली डोकं घालायचे. कोपऱ्यावरचे पठाणचाचा हेडलाइटच्या कडेनं नख फिरवायचे आणि "हम्म" म्हणायचे. त्या "हम्म"चा अर्थ लागेपर्यंत मालकाचा जीव टांगणीला. गाडी छान आहे, असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. हेडलाइट छान बसवलाय, म्हणतात. आपला तो बाब्या.

मी रबरवाला. दार आणि चौकट यांच्या मधे जी काळी गुबगुबीत पट्टी असते ती आमच्या कंपनीत होते, आणि ती नीट झाली की नाही हे बघणं माझं काम. त्यामुळे मी गाडीत आधी बसतच नाही. दार उघडतो, लावतो, पुन्हा उघडतो, पुन्हा लावतो, आणि कान देतो. रबर जाड, बसवणूक चोख असेल तर दार धप्प म्हणतं. नसेल तर पत्रा वाजतो. शोरूममधली मुलंमुली इंजिन, मायलेज, सहा एअरबॅगा असं घडाघडा म्हणत असायची आणि मी आपला दारापाशी, दिव्याचं बटण सारखं दाबत बसलेल्या पोरासारखा. रेखा म्हणायची, "तुम्ही गाडी घेताय की कपाट?"

पहिली गाडी मी पसंत केली ती त्या आवाजावरच. काय धप्प होतं ते! दाराला दुहेरी रबर, बाहेरचा हॉर्नसुद्धा आत यायचा नाही. आईला घेऊन गेलो. आता आईला शोरूमपर्यंत कसं नेलं, तर रिक्षानं, चालत्या माणसाच्या वेगानं. शोरूम अशा ठिकाणी होतं की चार पावलांत आत. घरातून ती त्यासाठी बाहेर पडली, यातच मला निम्मी गाडी मिळाल्यासारखं झालं होतं. फिजिओथेरपीवालीनं शिकवलेली रीत तिला पाठ होती. सीटकडे पाठ करायची, हातानं चाचपायचं, आधी टेकायचं आणि मग पाय एकेक करून आत घ्यायचे. ती टेकली. पाय उचलला. आणि तो गाडीच्या खालच्या चौकटीला अडकला. दुहेरी रबर बसवायचं म्हणून ती चौकट रुंद केलेली होती. माझ्या आवडत्या रबरापायीच आईचा पाय आत जाईना.

"उंबरा लई रुंद हाय हिचा," आई म्हणाली आणि तिनं पाय खाली ठेवला.

मी त्या धप्प आवाजाकडे दुसऱ्यांदा बघितलं नाही. म्हणजे ऐकलं नाही.

मग पुढच्या शोरूममध्ये जावेदभाई भेटले. चाळिशी उलटलेले, मेंदी लावलेली दाढी, आधी पैठणला ट्रॅक्टर विकायचे आणि आता इथं या काचेच्या घरात टाय बांधून उभे. टाय त्यांना काचायचा, सारखं बोट घालून सैल करायचे. बाहेर ऊन भाजून काढत होतं, आत गार. त्या उन्हाळ्यात कित्येक कुटुंबं नुसती गारव्याला म्हणून शोरूम हिंडायची आणि जावेदभाईंना ते माहीत होतं, तरी ते सगळ्यांना पाण्याची छोटी बाटली द्यायचे. आईनं अर्धी प्यायली आणि झाकण घट्ट करून पिशवीत टाकली. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईनंही तेच केलं. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

"अम्मा, हे बघा," जावेदभाईंनी बटण दाबलं. छताची काच मागं सरकली आणि उन्हाचा चौकोन आईच्या मांडीवर पडला. "सनरूफ!"

"उन्हाळ्याचं छताला भोक कामून पाडलंय?"

"चांदनी रात में अच्छा लगता, अम्मा. चांदणं दिसतं."

"चांदणं आमच्या उरावरच असायचं बाबा. मेंढरांपाशी झोपायचो आमी." मग तिनं विचारलं, "ही खुर्ची उंच करता येती का?"

"येते ना! वर-खाली, दोन्ही." जावेदभाई जरा अडखळले. "मगर सिर्फ ड्रायव्हर की."

"मग मीच चालवू का?"

जावेदभाई असे हसले की टाय सोडून टाकायचं त्यांना निमित्तच मिळालं. त्यानंतर त्यांनी आईला सनरूफ दाखवलं नाही, पुढचा टचस्क्रीनचा पडदा दाखवला नाही. ते शोरूममधल्या एकेका गाडीचं दार उघडायचे, बाजूला व्हायचे आणि म्हणायचे, "बैठके देखो." आई बसून बघायची. एकीत खाली घसरल्यासारखं झालं. एकीत वर चढताना तिनं ओठ आवळले, ते मला दिसलं. एकीची सीट इतकी मऊ की बसलं की उठताच येईना. तिथली इतर गिऱ्हाइकं आपली गाडी सोडून आमचा खेळ बघायला लागली. माझी मात्र लाज हळूहळू गेली आणि उत्सुकता वाढत गेली. मी इतकी वर्षं गाड्यांच्या धंद्यात, पण माणूस गाडीत बसतो म्हणजे नेमकं काय करतो, हे मी कधी बघितलंच नव्हतं. कंबर आधी जाते की डोकं? हात कशाला धरतो? उतरताना पाय जमिनीला लागेपर्यंत भार कुठं असतो? तासभर मी हेच बघत होतो.

मग ती कोपऱ्यातल्या गाडीत बसली. ना चढावं लागलं, ना घसरावं लागलं. बाजेवर बसावं तशी बसली. पाय आत गेले, उंबरा आडवा आला नाही. तिनं समोरच्या काचेतून बाहेर बघितलं, मग बाजूच्या.

"हितनं माणसांची तोंडं दिसत्यात," ती म्हणाली. "त्या दिवशी दवाखान्यात नेलं तवा रस्त्यानं नुसती पोटं दिसायली होती."

हे वाक्य मी कोमलला कितीदा तरी सांगितलं आहे. ती म्हणते, "दादा, ते खरं, पण टर्बो घेऊ की साधं?" तिचंही बरोबर आहे. ज्याचं जळतं त्याला कळतं. शेवटी आम्ही घेतली ती तीच गाडी. आज ती दारात उभी आहे, रबरं कडक झाली आहेत, आणि खरं सांगायचं तर दार आता पत्र्यासारखं वाजतं. इतक्या वर्षांत तिच्या गुणांपैकी काय कामाला आलं, याचा मी कधीकधी विचार करतो. क्रूझ कंट्रोल वापरावं असा मोकळा रस्ता आमच्या नशिबी आला नाही. बोलून चालणाऱ्या पडद्याला रेखाची मराठी अजून उमगलेली नाही. मागच्या कॅमेऱ्यानं मात्र गल्लीतली दोन कुत्री आणि माझी अब्रू वाचवली. मागच्या सीटची एसीची झडप हे लग्नसराईत पुण्याचं काम. डिकी कागदावर मोठी होती, तिच्यात आईचा वॉकर घडी करून आडवा बसायचा नाही, तिरका बसायचा. असलं काही माहितीपत्रकात नसतं, व्हिडिओतही नसतं. तिथं गाडी एकटीच डोंगरातून जात असते, आत माणूस असतो तो तरणाताठा, त्याच्या खुब्याला काही झालेलं नसतं. वस्तूची किंमत वस्तूत किती असते आणि तिच्यात कोण बसणार यात किती, हा प्रश्न मला त्या उन्हाळ्यानं दिला. त्याचं पक्कं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, आणि मिळालं नाही याचं वाईटही वाटत नाही.

तर गाडी ठरली. आणि जावेदभाईंनी दाढीवरून हात फिरवला. "डिलिव्हरी दिवाळी के आसपास, साब. नया मॉडेल है, वेटिंग लंबी चल रही."

आईनं ते ऐकलं. रिक्षात बसताना तिनं शोरूमकडे वळूनही बघितलं नाही.

त्याच आठवड्यात नाशकात पाऊस लागला. आमच्याकडे ढगाचा तुकडा नव्हता, टँकरचे हॉर्न चालूच होते, पण टीव्हीवर गोदावरीचे घाट बुडताना दिसले. गल्लीत लोकांनी टाळ्या वाजवल्या. पठाणचाचांनी साखर वाटली. रेखानं आईच्या तळहातावर चिमूटभर ठेवली, तर ती तशीच धरून बसली, साखरेला घाम सुटेपर्यंत. मामाचा फोन आला, "वरून पाणी सोडलंय म्हणत्यात, अक्का. आजून हिकडं नाय आलं. येतंय मातर."

मी दुसऱ्या दिवशी कामावरून थेट शोरूमला गेलो. काही मागायला गेलो नव्हतो, खरं तर कशाला गेलो होतो तेच माहीत नव्हतं. जावेदभाईंना सगळं सांगितलं. गाव, पाणी, आईची अट. ते ऐकताना टेबलावरचा पेन सरळ करत राहिले. मग म्हणाले, "साब, तुमने टेस्ट ड्राइव्ह लिया किधर? शोरूम के सामने एक चक्कर मारा. वो क्या टेस्ट हुई? चार माणसं घेऊन, खड्ड्यात, घाटात, लांबची टेस्ट घ्यायला पाहिजे. मैं साथ आता. मेरा कामच है वो." आणि मी उठताना त्यांनी माझा हात धरला. "बस, कच्चे में नहीं डालने का. गाडी डेमो की है."

सकाळी उन्हं चढायच्या आत निघालो. मी चालवत होतो, आई शेजारी, मागं जावेदभाई. आई स्वतः बसली, कुणाचाही हात न धरता, आणि पदर नीट करून म्हणाली, "चला." पैठण रस्त्याला बिडकीनच्या बाजूला नव्या औद्योगिक वसाहतीचे रुंद रस्ते लागले. दोन्हीकडे दिव्यांचे खांब, मधे दुभाजकात वाळलेली झाडं आणि कारखाना एकही नाही. पुढे मोसंबीच्या बागा, वाळून सरपण झालेल्या. काही बागांतून झाडं तोडून बांधाला रचून ठेवली होती. जावेदभाई मागून धंदा सोडत नव्हते. "साब, खड्डा आला, कळला का? नाय कळला! सस्पेन्शन!" आई खिडकीतून माणसांची तोंडं बघत होती. एका फाट्यावर एक म्हातारा पिंपळाखाली बसला होता, त्याला तिनं उगीचच हात केला, आणि त्यानंही केला.

उजवीकडे वळून बरंच आत गेल्यावर डांबर संपलं आणि जमीन हळूहळू खाली उतरायला लागली. समोर नाथसागराचं उघडं पोट. शिंपल्यांचा चुरा उन्हात चमकत होता, चाकाखाली कटकट वाजत होता. कुणाचं तरी फाटकं जाळं, एक उलटी नाव. लांब हिरव्या पट्ट्यावर मेंढरं, आणि मेंढरांपुढून हात हलवत धावत येणारा सोपानमामा. त्याच्या मागं, दूर, काळे दगड. ते गाव. आणि दगडांच्या पलीकडे पाणी, जितकं लांब असेल असं वाटलं होतं तितकं लांब नव्हतं.

"काल त्या बाभळीच्या खुंटापल्याड व्हतं पाणी," मामा धापा टाकत म्हणाला. "आज अल्याड आलंय. चला, गाडी आणा."

"हितं कच्चं हाय, मामा," मी म्हणालो. जावेदभाईंनी मागून माझा खांदा दाबला.

"आरं, मेंढरं रोज हितनंच जात्यात. कायबी होत नाय. मी पुढं चालतो, माझ्या मागं या."

आई म्हणाली, "सोपान म्हणतो तर जाऊ दे." जावेदभाईंनी "या अल्ला" म्हटलं, पण गाडी थांबवा असं म्हटलं नाही. मामा पुढं, काठी खांद्यावर आडवी, आणि त्याच्या पावलांवर आम्ही. वरची जमीन भाकरीच्या पापुद्र्यासारखी कडक झालेली. थोडं गेलो, आणखी थोडं गेलो. मला मनातून वाटलं, बघा, ग्राउंड क्लिअरन्स याला म्हणतात. आणि पापुद्रा फुटला. डावं पुढचं चाक खाली गेलं, गाडी कलंडली आणि पोटावर बसली. मी रिव्हर्स गिअर टाकला तर चाकानं काळा गाळ उडवून मामाचं धोतर रंगवलं.

मामा चाकाकडे बघत उभा राहिला. त्याला खरोखर कोडं पडलं होतं. "मेंढराला तर काय होत नाय हितं!"

जावेदभाई खाली उतरले, चाकापाशी बसले, उठले. मला वाटलं आता चिडणार. ते म्हणाले, "मामा, मेंढरू किती किलोचं असतं?" आणि मग ते हसायलाच लागले, कपाळाला हात लावून, टाय उडवत, आणि मलाही आवरेना. मामानं वरच्या गावात ट्रॅक्टरसाठी फोन लावला. ट्रॅक्टर येईल, निघेल गाडी, त्याची काळजी नव्हती.

काळजी आईची होती. तिनं दार उघडलं होतं. रीतीप्रमाणे पाय एकेक करून बाहेर काढले आणि जमिनीला टेकवले. पण गाडी तिच्याच बाजूला कलंडलेली. शोरूम हिंडून हिंडून जी उंची आम्ही शोधली होती, ती गाळात गेली होती. सीट आता एखाद्या पाटाइतकी खाली. तिनं दाराला धरून उठायचा जोर केला. कंबर उचलेना. पुन्हा केला. मी पुढं झालो आणि तिच्या तोंडाकडे बघून तसाच थांबलो. दगड समोर दिसत होते. देवळाचं जोतं, त्याच्या डावीकडे काही मातीचे उंचवटे. ती त्यांच्याकडे बघत होती, आणि ओठ हलत होते, घरं मोजल्यासारखे. वॉकर या भेगांत टिकला नसता. जावेदभाईंनी तोंड फिरवलं. मला सगळ्याचा राग आला, पाण्याचा, गाडीचा, माझ्या कान देऊन ऐकण्याचा.

"सोपान," आईनं हाक मारली. "हिकडं ये."

मामा आला. पन्नाशीला टेकलेला, उन्हानं काळा पडलेला गडी, चूक केलेल्या पोरासारखा मान खाली घालून तिच्यापुढं उभा.

"गाव उठलं तवा तुला नीट चालता येत नव्हतं," ती म्हणाली. "आयच्या डोक्यावर संसार व्हता, बा मेंढरांमागं. हितनं वरल्या रस्त्यापातुर मी आणलं तुला कडंवर. लई रडायला व्हतास." तिनं दाराची कड सोडली आणि दोन्ही हात त्याच्याकडे वर केले. "आता तू घे मला."

मामानं हात धोतराला पुसले. खाली वाकला आणि हातांच्या सवयीनं तिला खांद्यावर टाकायला गेला.

"मेंढरू नाय मी," आई म्हणाली, "नीट धर."